जुनेर निवडावं कसं, शिवावं कसं

वापरून वापरून मऊ झालेल्या कापडाला मराठीत ‘जुनेर’ असा छान शब्द आहे. बाळाची झबली, टोपडी आणि दुपटी जुनेराचीच असायची, कारण शंभरदा धुतलेल्या सुती लुगड्याइतकं मऊ नवं कापड मिळत नाही. आता जुन्या साड्यांचे कुर्ते, झगे, जाकिटं, पिशव्या होतात. त्यातले बरेच कपडे मात्र दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यातच शिवणीशेजारी फाटतात आणि दोष शिंप्याला लागतो. बहुतेक वेळा चूक त्याच्या आधीची असते. कापड रंग आणि काठ बघून घेतलेलं असतं, त्यात जीव किती उरलाय हे कुणी बघितलेलं नसतं. म्हणून या लेखात शिवणापेक्षा तपासणीला जास्त जागा दिली आहे.

कुठे शोधायचं

घरातली ट्रंक आणि नातेवाइकांची कपाटं सर्वांत आधी. त्या कापडाचा इतिहास कळतो: किती वेळा नेसली, घरी धुतली की ड्रायक्लीन केली, डांबरगोळ्यांत किती वर्षं होती. त्यानंतर बोहारीण. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या या बायकांकडे रोज गठ्ठ्यानं साड्या येतात आणि कापडाची पारख त्यांना चांगली असते. भांड्यांच्या बदल्यात कपडे देतो तसे त्यांच्याकडून पैसे देऊन कपडे विकतही घेता येतात. फक्त त्यांनी माल पुढे विकायच्या आधी गाठायला हवं. पुण्यात मंगळवार पेठेचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत चोर बाजाराच्या गल्ल्यांत जुन्या वस्तूंबरोबर कापडही मिळतं. दिल्लीच्या रघुबीर नगरात पहाटे भरणारा जुन्या कपड्यांचा बाजार देशातल्या मोठ्या बाजारांपैकी आहे आणि घराघरांतून गोळा झालेला बराच माल तिथून पुढे जातो.

बाजारात सकाळच्या उजेडात जावं. पिवळ्या बल्बखाली पिवळे डाग दिसत नाहीत आणि ट्यूबलाइटखाली विटलेला काळा रंग गडद वाटतो. सोबत मोजपट्टी, छोटी टॉर्च, पांढरा सुती रुमाल आणि पाण्याची बाटली असली की पुरे. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून दोन फोटो मागून घ्या: एक खिडकीसमोर आडवी धरलेली साडी, म्हणजे उजेड आरपार दिसेल असा, आणि एक काठाच्या उलट बाजूचा. हे फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर ती साडी सोडून द्या.

किंमत ठरवताना पूर्ण साडीची लांबी धरू नका. सहावारी साडी साधारण 5 ते 5.5 मीटर असते, नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास, पन्हा 45 ते 48 इंच. त्यातलं कापण्याजोगं कापड किती मीटर आहे ते मोजा आणि तेवढ्याच मीटर नव्या कापडाच्या भावाशी तुलना करा. साडेपाचातलं तीन मीटर चांगलं असेल तर तुम्ही तीन मीटरचेच पैसे देताय. काठ अपवाद आहे. हातमागाचा चांगला काठ असेल तर अंग विरलेलं असूनही साडी घ्यावी. काठाच्या पट्ट्या वेगळ्या काढून कित्येक वर्षं वापरता येतात.

कापडात जीव किती?

साडी सगळीकडून सारखी झिजत नाही. नेसण्याच्या पद्धतीप्रमाणे तिची झीज ठरलेल्या जागीच होते. या जागा माहीत असल्या की पाच मिनिटांत साडी तपासून होते.

सहावारीत पहिली जागा कमरेची. परकराच्या नाडीत खोचलेली वरची कड घामानं आणि ओढीनं विरते. दुसरी निऱ्यांची खालची कड, जी टाचेखाली येते आणि जमिनीला घासते. तिसरी खांद्यावरची, जिथे वर्षानुवर्षं सेफ्टी पिन लागलेली असते. चौथी पाठीवरून काखेजवळ जाणारा पट्टा. तिथे घाम जिरतो आणि रेशीम नेमकं त्यानंच लवकर कुजतं. सर्वांत सुरक्षित भाग निऱ्यांच्या आतला, कमरेच्या खाली आणि गुडघ्याच्या वर. तो सतत झाकलेला असतो. नऊवारीत मात्र काष्टा जिथून मागे जातो तो पट्टा आणि बसण्याचा भाग आधी जातो. लुगडं बाहेरून धडधाकट दिसत असलं तरी तेवढा भाग उजेडासमोर धरून बघाच.

याशिवाय घडी. ज्या साड्या फारशा नेसल्या गेल्या नाहीत, त्या कपाटात एकाच घडीत वीस-तीस वर्षं पडून असतात आणि घडीच्या रेषेवर रेशीम आतून तुटतं. म्हणून नवीकोरी दिसणारी जुनी रेशमी साडी ही सर्वांत फसवी खरेदी असते. घडी उलगडा, ती रेषा उजेडासमोर धरा. बारीक छिद्रांची माळ दिसली तर तिथून कापड जाणारच.

आता हातानं तपासणी. अंगठे शेजारी-शेजारी ठेवून कापड दोन्ही हातांत घट्ट धरा आणि हळूहळू ताण द्या. आधी लांबीच्या दिशेनं, मग पन्ह्याच्या दिशेनं. झटका द्यायचा नाही. चांगलं कापड ताणलं जाऊन परत येतं. मेलेलं कापड आधी बारीक ‘कर्र’ आवाज करतं, मग धागे सरकतात. साडी लांबीच्या दिशेनं चिरत असेल तर बाणा, म्हणजे आडवे धागे, कमजोर झालेत. ताणा, म्हणजे उभे धागे, तुटला की चीर पन्ह्याच्या दिशेनं जाते. ही नोंद लक्षात ठेवा, कापणीच्या वेळी लागते. विकणाऱ्यासमोर कापड फाडून बघणं बरं दिसत नाही, म्हणून ही परीक्षा कमरेच्या वरच्या कडेला करावी. तिथे कापड टिकलं असेल तर बाकी बहुधा ठीक असतं.

फॉल लावलेला असेल तर त्याचं टोक थोडं उलटून बघा. फॉलखालचा रंग म्हणजे साडीचा मूळ रंग. बाहेरचा आणि आतला रंग यांत मोठा फरक असेल तर फॉल काढल्यावर पाच इंचांचा गडद पट्टा राहणार आहे. तो चालणार असेल, किंवा झग्याच्या तळाशी मुद्दाम ठेवायचा असेल, तरच घ्या.

जुन्या छापील सुती कापडात काळ्या रेषा खास तपासा. पारंपरिक काळा रंग लोखंडाच्या क्षारांपासून करतात आणि लोह कालांतरानं सुताला खातं. नक्षीतला लाल रंग शाबूत आणि काळ्या रेषेवर मात्र चिरा, असं दिसलं तर त्यावर उपाय नाही. ते कापड भिंतीवर लावायला किंवा चौकटीत बसवायला ठेवावं, अंगावर घालायच्या कपड्याला नको.

धागा ओळखणं

विक्रेता ‘सिल्क’ म्हणतो तेव्हा ते रेशीम, आर्ट सिल्क किंवा पॉलिएस्टर यांपैकी काहीही असू शकतं. सिल्क मार्क 2004 मध्ये आणि हँडलूम मार्क 2006 मध्ये आला. त्याआधीच्या साडीवर असलं लेबल नसणारच, त्यामुळे लेबल नाही एवढ्यावरून काही ठरत नाही. धागा जाळून बघणं हाच खरा उपाय.

पदराच्या दशा किंवा शिवणीच्या आतून पाच-सहा धागे काढा. ताणा आणि बाणा वेगवेगळे जाळायचे, कारण जुन्या कापडात ते अनेकदा वेगळ्या जातीचे असतात. स्टीलच्या ताटलीवर, चिमट्यात धरून, शेजारी पाणी ठेवून ज्योतीजवळ न्या. सूत पिवळ्या ज्योतीनं भराभर जळतं, जळक्या कागदाचा वास येतो आणि करडी, हलकी राख उरते. रेशीम ज्योतीपासून आक्रसतं, केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की बहुधा आपोआप विझतं आणि बोटांनी चुरगळणारी काळी गोळी राहते. लोकरीचा वासही तसाच, पण पोत पाहून ती वेगळी ओळखता येते. पॉलिएस्टर वितळतं, काळा धूर येतो आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. रेयॉन, म्हणजे जुन्या ‘आर्ट सिल्क’मधला धागा, सुतासारखाच जळतो. कागदाचा वास आणि कडक मणी दोन्ही आले तर ते टेरिकॉट, म्हणजे सूत आणि पॉलिएस्टरचं मिश्रण.

रेयॉन ओळखणं फार महत्त्वाचं आहे, कारण ओला झाला की त्याची ताकद जवळपास निम्मी होते. रेशीमही ओलं असताना थोडं कमजोर होतं. सुती कापड उलट ओलं असताना जास्त मजबूत असतं. जुन्या आर्ट सिल्कच्या साड्या धुताना चिरतात आणि शेजारची तितकीच जुनी सुती साडी टिकते, ती यामुळे.

मिलच्या साड्यांच्या किनारीवर कधी कधी मिलचा शिक्का सापडतो. खटाव मिलच्या वॉइल साड्या अजून जुन्या बाजारात दिसतात. 1982 च्या संपानंतर मुंबईतल्या अनेक कापड गिरण्या पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत, त्यामुळे त्या काळातलं बारीक सुताचं वॉइल आता नव्यानं मिळणं अवघड झालंय. शिक्क्याचा तुकडा कापून फेकू नका, आतल्या बाजूला टाचून ठेवा.

जर

जरीचा एकच धागा काढून नखानं उलगडा. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची सपाट तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. नकली जरीत तार तांब्याची असते, खरवडली की लालसर दिसते. अलीकडची प्लॅस्टिकची जर ज्योतीजवळ नेताच गोळा होते.

खऱ्या जरीच्या जुन्या साड्या काठ-पदर जाळून चांदी काढण्यासाठी विकत घेतल्या जातात. अशा व्यवहारात कितीतरी जुन्या पैठण्या कायमच्या गेल्या. साडी नेसण्याच्या पलीकडे गेलेली असली तरी काठ आणि पदर शाबूत असतील तर जरीच्या वजनावर देऊ नका. आणि पैठणी अजून धड असेल तर तिला कात्री लावू नका. पदर उलटून बघा. हातानं विणलेल्या पैठणीच्या पदरावर उलट-सुलट नक्षी सारखीच दिसते, मागे मोकळे धागे लोंबत नाहीत. अशी साडी कापणं परत भरून न येण्यासारखं नुकसान आहे. मागे धाग्यांचं जाळं असलेली यंत्रावरची साडी खुशाल कापा.

घरी आणल्यावर आधी कीड

जुन्या बाजारातलं कापड थेट कपाटात कधीही ठेवायचं नाही. बाहेर, गॅलरीत झटका, शिवणी आणि काठाच्या दुमडी बघा. कसर मुख्यतः खळ खाते, म्हणून तांदळाच्या खळीत वाळवलेल्या साड्यांत ती जास्त सापडते. लोकर आणि रेशमाला पतंगाच्या अळ्या लागतात. कापड जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा, तोंड चिकटपट्टीनं बंद करा आणि उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस न उघडता तशीच राहू द्या, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर जमेल, कापडावर नाही. सुती कापडाला एवढं नको. कडक ऊन, गरम पाणी आणि गरम इस्त्री पुरते.

काळ्या ठिपक्यांची बुरशी कापड कोरडं असताना उन्हात नेऊन, नाक-तोंड झाकून, मऊ ब्रशनं झटकावी. ओली घासली की आत जाते. काळे ठिपके बहुधा निघत नाहीत. त्यांना जागा करून कापायचं.

धुणं

धुण्यापूर्वी फॉल, पिको, अस्तर, हुक आणि गंजलेल्या पिना काढून टाका. फॉल सुती आणि साडी रेशमी असेल तर फॉल आटून काठ चुरगळलेला असतो. फॉल निघाला की काठ वाफेच्या इस्त्रीनं पुष्कळसा सरळ होतो.

मग रंगाची परीक्षा. पांढरा रुमाल साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून प्रत्येक रंगावर एक मिनिट दाबून धरा. पदर, काठ, बुट्टी, सगळे रंग वेगवेगळे. इरकलीच्या लाल पदराला ही परीक्षा चुकवू नका. मिठाच्या पाण्यात भिजवून कच्चा रंग पक्का होतो हा समज खूप पसरलेला आहे. मीठ फार तर त्या धुण्यापुरता रंग थोडा रोखतं, पुढच्या धुण्यात तो पुन्हा जातो. रंग जात असेल तर कापड एकटंच, थंड पाण्यात, भरपूर पाण्यानं, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि ओल्या अवस्थेत एका मिनिटासाठीही घडी घालून ठेवू नका. ओल्या घडीतच लाल रंग पांढऱ्यावर उतरतो.

सुती साडी रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवा. सकाळी पाणी पिवळट आणि बुळबुळीत दिसेल, ती जुनी खळ. पाणी दोनदा बदला, मग साबण लावा. शेवटी 40 अंशांच्या पाण्यात एकदा धुवा. आजवर ती थंड पाण्यातच धुतली गेली असेल तर गरम पाण्यात अजूनही आटते आणि हे शिवण्याआधी झालेलं बरं.

रेशमाला रिठा. आठ-दहा रिठे बिया काढून अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटं उकळा, गाळा आणि बादलीभर साध्या पाण्यात मिसळा. रेशीम त्यात पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, चोळायचं नाही, पिळायचं तर नाहीच. विरलेलं रेशीम असेल तर ते मच्छरदाणीच्या तुकड्यावर पसरून मोठ्या टबमध्ये जाळीसकट बुडवा आणि जाळीसकटच उचला, म्हणजे पाण्याचं वजन कापडावर येत नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा, सावलीत सपाट वाळवा. भरगच्च जरीचं कापड मात्र पाण्यात घालू नका.

डागांपैकी हळद सर्वांत सोपी. साबणानं ती लाल होते, घाबरू नका. धुऊन उन्हात टाकली की दोन-तीन दिवसांत डाग उडतो. पांढऱ्या सुतीवरच्या गंजाला लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवा, वाळलं की पुन्हा लिंबू पिळा, शेवटी भरपूर पाण्यानं धुवा. रंगीत कापडावर लिंबू रंगही काढतं. घामानं पिवळ्या पडलेल्या पांढऱ्या सुतीला चार लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे ऑक्सिजन ब्लीच घालून चार-पाच तास भिजवा. हे रेशमाला आणि लोकरीला चालत नाही. क्लोरीनचं ब्लीच तर रेशमाजवळ आणूच नका, ते धागा विरघळवतं.

डांबरगोळ्यांचा वास धुऊन जात नाही. आठ-दहा दिवस सावलीत वाऱ्यावर टाकणं, एवढाच उपाय.

कापणीचा आराखडा

इस्त्री केलेली साडी दोरीवर, खिडकीसमोर, एकेक मीटर सरकवत बघा. विरलेल्या, डागाळलेल्या, छिद्रं पडलेल्या जागांभोवती कच्च्या टाक्यांनी गोल घाला. खडू पुसला जातो, पेनाचा डाग राहतो, रंगीत दोरा दोन्ही बाजूंनी दिसतो. मग कागदावर साडेपाच चौकोनांचा लांब पट्टा काढून या जागा त्यावर उतरवा. शिवायचं काय हे आता ठरवायचं. आधी पॅटर्न ठरवून साडी त्यात कोंबायला गेलात की काखेत नेमका विरलेला भाग येतो.

काठ तळाशी हवा असेल तर साडीची लांबी अंगाभोवती फिरते. म्हणजे नेहमीच्या कपड्यात ताणा वरून खाली जातो तसा इथे जात नाही, बाणा वरून खाली येतो. ताण देऊन केलेली मघाची नोंद इथे लागते. बाणा कमजोर असलेल्या साडीचा काठ तळाशी ठेवून लांब झगा शिवला तर तो स्वतःच्याच वजनानं खांद्याखाली आडवा तुटतो. अशा वेळी साडी उभीच कापा आणि काठ बाजूच्या चिरांना किंवा पुढच्या पट्टीला घ्या. उरेप, म्हणजे तिरकी, कापणी जुन्या कापडाला शक्यतो नकोच, गोट किंवा पायपिंगच्या पट्ट्या सोडल्या तर.

इरकलीत एक गोष्ट ध्यानात ठेवायची. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगळे असतात आणि धाग्याला धागा फासात अडकवून ते जोडलेले असतात. विणकर त्याला कोंडी म्हणतात. त्या जोडावर ताण येईल असा तुकडा कापू नका. शिवाय अंग सुती आणि काठ आर्ट सिल्कचा असेल तर धुतल्यावर अंग जास्त आटतं आणि काठाला चुण्या पडतात, म्हणून आधी आटवून घेतल्याशिवाय इरकलीला कात्री लावायची नाही.

जुन्या रेशमी साडीचा अंगाबरोबर बसणारा ब्लाऊज शिवू नका. साडीचा आठवणीचा तुकडा अंगावर राहावा म्हणून तो अनेकींना हवा असतो, पण हात वर केला की सगळा ताण पाठीवर आणि काखेत येतो आणि पहिल्याच कार्यक्रमात कापड चिरतं. त्याऐवजी खांद्याचा आणि पाठीचा वरचा भाग नव्या खणाचा घ्या. खण पन्ह्याला अरुंद, पण विणीनं घट्ट असतो, तो ताण सोसतो. त्याला खालून साडीचा घेर लावा.

एक हिशेब परकर-पोलक्याचा, कारण जुन्या साडीचा यापेक्षा चांगला उपयोग क्वचितच होतो. सहा वर्षांच्या मुलीसाठी परकराची तयार उंची 26 इंच धरा. काठाच्या कडेपासून वर 32 इंच मोजून साडीची 2 मीटरची लांब पट्टी कापा. वाढीव 6 इंचांतले 4 इंच दोन आडव्या दुमडींना, प्रत्येकी एक इंच खोल, काठाच्या वर. मुलगी उंच झाली की या दुमडी उसवायच्या. उरलेले 2 इंच कमरेच्या नेफ्याला. 46 इंच पन्हा असेल तर वरच्या बाजूला दुसऱ्या काठासकट 14 इंचांची पट्टी उरते. त्यात 13 इंच उंचीचं पोलकं बसतं आणि काठ पोलक्याच्या तळाशी किंवा बाह्यांना घेता येतो. दुमडी मात्र पांढऱ्या सुती दोऱ्यानं लांब टाक्यांची घाला, नाहीतर उसवल्यावर सुईच्या छिद्रांची रेघ राहते.

शिवताना

सुई नवी हवी. बोथट सुई धागा बाजूला सारत नाही, तोडते. पातळ रेशमाला आणि वॉइलला 9 किंवा 11 नंबर, सुती साडीला 11 किंवा 14, खणाला 14. टाका अडीच मिलिमीटर, म्हणजे इंचाला दहा. बारीक टाका मजबूत असतो हे नव्या कापडाला खरं आहे. जुन्या कापडात बारीक टाक्यानं पोस्टाच्या तिकिटासारखी छिद्रांची रेघ तयार होते आणि कापड तिथूनच फाटतं. दोरा सुती घ्या. पॉलिएस्टरचा दोरा कापडापेक्षा बळकट असतो. ताण आला की तो तुटत नाही, कापड कापतो. शिवण उसवली तर पुन्हा घालता येते.

शिवणीचं मार्जिन अर्ध्या इंचाऐवजी पाऊण ते एक इंच ठेवा. छातीला चार इंच ढिलाई हवी. तंग बसणारा कोणताही कपडा जुनेराला मानवत नाही.

विरलेल्या कापडाला आधार द्यायचा तर मलमलीचा. मलमल आधी धुऊन आटवा, त्याच मापाचा तुकडा कापा, दोन्ही थर सपाट पसरून कडेनं आणि मध्ये दोन-तीन रेषांत कच्ची टीप घाला आणि पुढे दोन्ही थर एकच कापड समजून शिवा. चिकट बकरम इस्त्रीनं लावणं सोपं वाटतं, पण जुन्या रेशमाला ते नको. बकरम लावलेला भाग कडक होतो आणि जिथे ते संपतं त्या रेषेवर रेशीम मोडतं.

जुना शिवलेला कपडा उसवताना टीप एका बाजूनं दर चार-पाच टाक्यांवर कापा, मग दुसऱ्या बाजूचा दोरा सलग ओढा. शिवण फाडून उसवू नये. रेशमातली जुनी छिद्रं बुजत नाहीत, म्हणून नवी कापणीची रेघ त्यांच्या आत घ्या. जुन्या शर्टांत पाठ सर्वांत चांगली राहते. कॉलरची दुमड, कफांच्या कडा आणि काख बाद धरा.

जे शिवता येत नाही त्याची गोधडी

विरलेल्या सुती साड्यांचा शेवटचा आणि सर्वांत चांगला मुक्काम गोधडी. एका माणसाच्या गोधडीला दोन सहावारी पुरतात: दोन-दोन मीटरचे तुकडे केले की साधारण पाच थर होतात, पन्हा आहे तेवढीच रुंदी. वरचा आणि खालचा थर धडका, विरलेले तुकडे आत. सहापेक्षा जास्त थर झाले तर हाताची सुई ओढताना बोटं सोलतात. सगळे थर सुतीच हवेत. एखादा टेरिकॉटचा थर आत गेला तर धुतल्यावर बाकीचे आटतात, तो आटत नाही, आणि गोधडीत गाठी येतात. धावदोरा कडेनं सुरू करून चौकोनात फिरत मध्याकडे न्या, ओळींत बोटभर अंतर ठेवा. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका त्यांची कवंदी नावाची गोधडी अशीच कडेपासून आत शिवत नेतात. मध्यापासून सुरुवात केली तरी चालतं, पण मग थर कडेला सरकणार नाहीत यासाठी आधी कच्चे टाके भरपूर घालावे लागतात.

उरलेले काठ, खणाचे तुकडे आणि कापायची वाट बघणाऱ्या साड्या ठेवताना खळ घालू नका, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका. धुतलेल्या मलमलीत बांधा, डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. दर तीन-चार महिन्यांनी उघडून घडी वेगळ्या ठिकाणी घाला. रेशमाची घडी मोडायचीच नसेल तर पुठ्ठ्याच्या नळीला आधी मलमल गुंडाळून त्यावर साडी सैल गुंडाळून ठेवा.